दार कोणाचे वाजवायचे?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर नावाचे गाव आहे. वसई-मुंबईकडच्या आमच्या वाचकांना ते नकाशावर शोधावे लागेल. परंतु कापसाच्या व्यवहाराशी ज्यांचा थोडाफार संबंध आला असेल त्यांना हिंगणघाटचे नाव अपरिचित असणार नाही. काळी जमीन, कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणारा हा मुलूख. येथील एका लहानशा सेवाभावी संस्थेच्या विशेष सभेस उपस्थित राहण्याचा योग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांला आला. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही तिचे सभासद नव्हे. जुन्या स्नेहामुळे सल्ल्यासाठी बोलावलेले पाहुणे होतो.

संस्थेचे काम दोन प्रकारचे. एक छोटा दवाखाना, ज्याच्या मागच्या खोलीत परिचारिका राहते. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर स्त्रियांची मुले सांभाळणारी बालवाडी. सुमारे तीस वर्षांपूर्वी चार-पाच मंडळींनी पदरमोड करून ती उभी केली. आता एका मोठ्या संस्थेचा प्रस्ताव आला होता: तुम्ही आमच्यात विलीन व्हा; काम आम्ही पुढे चालवू.

खजिनदारांनी जमाखर्च वाचला. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते, तसेच आनंद मानण्यासारखेही काही नव्हते. विदेशी अंशदानाच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळवलेले विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली. तोवर मोठ्या संस्थेच्या हातून लहान संस्थेच्या ओंजळीत जे चार थेंब पडत, ते थांबले. शिवाय करसवलतीच्या नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण, लेखापरीक्षण, निरनिराळी विवरणपत्रे हे सारे लहान आणि मोठ्या संस्थेला जवळजवळ सारखेच. मोठीकडे त्यासाठी कारकून असतो; लहान संस्थेत तेच काम परिचारिका रात्री कंदिलाइतक्या मिणमिणत्या दिव्याखाली करते. खजिनदार म्हणाले, “विलीन झालो नाही तर दोन वर्षांत कुलूप लागेल.”

त्यावर वयोवृद्ध संस्थापक उठले. “मी जिवंत असताना ही पाटी उतरणार नाही,” एवढेच बोलून ते बसले. मग एका तरुण सभासदाने प्रभू येशूच्या गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला. दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच पीक येते, तेव्हा संस्थेनेही मरण पत्करावे, असे त्याचे म्हणणे. सभेचे डोळे आमच्याकडे वळले. धर्मगुरू बसलेले असताना शुभवर्तमानाचा दाखला कोण खोडून काढणार?

एवढ्यात दाराशी उभी असलेली एक मजूर स्त्री बोलली. ती सभासद नव्हती, तिला मत नव्हते. काय चालले आहे ते ऐकायला आली होती. तिने विचारले, “फादर, राती पोरगं तापानं फणफणलं तं आमी दार कोनाचं वाजवाचं?”

सभेत कोणाजवळही याचे उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. हा लेख त्या प्रश्नाच्या ऋणातून लिहिला जात आहे.

कोणतीही संस्था दुसरीत विलीन करावी की नाही, हा वरवर पाहता व्यवहाराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे, कारण त्याच्या मुळाशी दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: संस्था कोणाची? घाम गाळणाऱ्या संस्थापकाची, पैसा देणाऱ्या दात्याची, कायद्याने मत असलेल्या सभासदाची, की रात्री दार वाजवणाऱ्याची? आपल्या भाषेने याचे उत्तर एका शब्दात देऊन ठेवले आहे. संस्था चालवणाऱ्याला आपण मालक म्हणत नाही, विश्वस्त म्हणतो. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू त्याच्याजवळ आहे. म्हणजे ती टिकवण्याचा हट्ट धरण्याचा अधिकार त्याला नाही, आणि ती देऊन टाकून उदार म्हणवून घेण्याचाही नाही. स्वतःचे धान्य दान करणे हे पुण्य. राखणीला ठेवलेले दुसऱ्याचे धान्य दान करणे याला वेगळे नाव आहे.

गव्हाच्या दाण्याविषयी त्या तरुणाला आम्ही नंतर हेच सांगितले. दाणा मरतो तो कणसासाठी, कोठारासाठी नव्हे. मरण कोणासाठी पत्करले जात आहे आणि त्यातून कोणाला अन्न मिळणार आहे, हे न पाहता त्यागाची भाषा बोलू नये. तद्वतच त्या वृद्ध संस्थापकांनाही आम्ही विचारले, की पाटी राहिली आणि दवाखान्याला कुलूप लागले, तर राहिले काय? ते काही बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हांला आमचा प्रश्न कठोर वाटला. पण तो मागे घ्यावासा वाटला नाही.

असा उपदेश करताना आमच्या हातून घडलेली एक चूक आम्हांला लपवता येणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवा करीत होतो तेथे स्त्रियांचे एक छोटे मंडळ शिवणवर्ग चालवीत असे, आणि समाजसेवेचे एक मोठे मंडळही होते. दोहोंत बहुतेक तीच घराणी. दोन पावतीपुस्तके, दोन वार्षिक सभा, दोन स्नेहसंमेलने. आणि दोन्हींकडे पैशाची तीच ओढाताण. आम्ही ठरवले की हा अपव्यय आहे. दोघांना एकत्र बसवले, एकीचे महत्त्व सांगितले आणि एका संध्याकाळी दोन मंडळांचे एक मंडळ केले. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

शिवणवर्गाची तीन यंत्रे सभागृहाच्या मागच्या खोलीत तात्पुरती ठेवली. खोलीची किल्ली नव्या चिटणीसांकडे, आणि ते रविवारीच भेटत. बायकांना यायला मोकळी वेळ ती दुपारची, आठवड्याच्या मधल्या दिवसांतली. कोणी वर्ग बंद केला नाही, बंद करण्याचा ठराव झाला नाही. वर्षभरात तो आपोआप थांबला. शाळेचे गणवेश शिवून घर चालवणाऱ्या दोन-तीन विधवा होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. नुसते येणे बंद केले. त्या वर्षाच्या हिशेबात एका रुपयाचाही फरक नव्हता, आणि आमच्या अहवालात ‘दोन मंडळांचे यशस्वी एकीकरण’ असे शब्द होते. ते शब्द आमचेच होते.

त्या अनुभवावरून एक गोष्ट आम्ही शिकलो. विलीनीकरणात जे कागदावर असते ते सहसा हरवत नाही. पैसा, जागा, यंत्रे, नोंदवही हे सारे नव्या घरी सुखरूप पोहोचते. हरवते ते कागदावर नसलेले: किल्ली कोणाकडे असते, दार किती वाजता उघडते, आलेल्या बाईला नावाने कोण हाक मारते. गरिबाच्या दृष्टीने संस्था म्हणजे बहुधा एवढेच असते.

अल्लीपूरहून परतताना आम्ही वाट वाकडी करून सेवाग्रामला थांबलो. त्यालाही कारण होते. जो प्रश्न त्या लहान संस्थेपुढे आहे, तोच याच जिल्ह्यात एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

गांधीजींनी रचनात्मक कार्यासाठी एकच संस्था काढली नाही, अनेक काढल्या. खादीसाठी १९२५ साली अखिल भारत चरखा संघ, अस्पृश्यतानिवारणासाठी १९३२ साली स्थापन झालेला हरिजन सेवक संघ, ग्रामोद्योगांसाठी १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ. पुढे शिक्षणासाठी हिंदुस्थानी तालीमी संघ आणि गाईसाठी गोसेवा संघ. ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते, आणि त्याची धुरा तंजावरच्या एका ख्रिस्ती घराण्यातील जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांचा अभ्यास करणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने तुरुंगात असताना प्रभू येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले, ही गोष्ट आपल्या कुटुंबांतून फारशी माहीत नसते. ती माहीत व्हावी.

या साऱ्या संस्थांना बांधणारा धागा एकच, तो म्हणजे स्वतः गांधीजी. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला कार्यकर्त्यांची परिषद घ्यायची असे ठरले होते. त्याआधीच ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. परिषद झाली ती मार्चमध्ये, राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली, पोरक्या झालेल्या माणसांची. त्यांच्यापुढचा प्रश्न हाच, की आता निरनिराळे राहायचे की एक व्हायचे?

एक होण्याच्या बाजूने बळकट कारणे होती. खेडे काही खात्यांत विभागलेले नसते. सूत कातणाऱ्या बाईचेच मूल शाळेत जायचे असते, तिच्याच दारात गाय असते, तिच्याच घरी घाणीचे तेल लागते. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर खुद्द गांधीजींनीच चरखा संघापुढे समग्र ग्रामसेवेचा विचार मांडला होता. दुसऱ्या बाजूला, मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी काँग्रेससाठी जो मसुदा लिहिला त्यात लोकसेवक संघाची कल्पना मांडताना या पाचही संस्थांचा उल्लेख स्वायत्त संस्था म्हणून केला आणि त्यांनी संलग्न व्हावे असे सुचवले. संलग्न होणे आणि विलीन होणे यांत अंतर आहे. एकात हात हातात असतो. दुसऱ्यात दोन हातांचा एक हात होतो.

त्या परिषदेतून दोन गोष्टी जन्मल्या. विनोबांच्या विचाराने सर्वोदय समाज निघाला, ज्याला शिस्तीची चौकट नव्हती, केवळ समान श्रद्धेचे नाते होते. आणि काम करणाऱ्या संस्थांना जोडणारा सर्व सेवा संघ निघाला. पुढील दहा-बारा वर्षांत चरखा संघ, ग्रामोद्योग संघ, गोसेवा संघ आणि तालीमी संघ या सर्व सेवा संघात विलीन झाले. हरिजन सेवक संघ मात्र वेगळा राहिला.

परिणाम काय झाला? येथे न्यायाने बोलले पाहिजे. १९५१ साली भूदानयात्रा सुरू झाली आणि त्या महान चळवळीला सर्व सेवा संघाच्या रूपाने एक देशव्यापी आधार मिळाला. पाच संस्थांच्या पाच कचेऱ्यांतून तो तसा मिळाला असता की नाही, याची शंकाच आहे. परंतु सारे बळ एका कार्याकडे वळले की बाकीची कामे मागे पडतात. खादी-ग्रामोद्योगांचा मोठा भाग १९५० च्या दशकात सरकारी मंडळाकडे आणि मग आयोगाकडे गेला. सेवाग्रामची नई तालीमची शाळा कालांतराने बंद पडली. विलीनीकरण हेच त्याचे एकमेव कारण असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र २००५ साली जेव्हा तेथे ‘आनंद निकेतन’ या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा शिक्षणाचेच काम आपले मानणारी माणसे त्यासाठी पुन्हा एकत्र यावी लागली.

आणखी एक धडा १९७४-७५ चा. जयप्रकाशांच्या आंदोलनात उतरावे की नाही, या प्रश्नावर सर्व सेवा संघात उभी फूट पडली. एका बाजूला विनोबा, दुसऱ्या बाजूला जयप्रकाश. दोघेही निःस्पृह, दोघेही सच्चे. संस्था वेगवेगळ्या असत्या तर एका घरातले भांडण कदाचित एका घरातच राहिले असते. सारे घर एकाच खांबावर पेलले की खांबाला गेलेला तडा प्रत्येक खोलीत दिसतो.

मगनवाडीत आजही मगन संग्रहालय उभे आहे. १९३८ साली ते गांधीजींच्याच हस्ते उघडले गेले. तेथून निघताना आमच्या मनात आले की या थोर माणसांनीही एकच बिनचूक उत्तर काढलेले नाही. ज्यांनी विलीन होण्याचा निर्णय घेतला ते लोभी नव्हते, आणि जे वेगळे राहिले ते हटवादी नव्हते. मग आपण कशाच्या आधाराने ठरवायचे?

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न अनेकदा सोडवावा लागला आहे. १८९७ साली पोप तेरावे लिओ यांनी संत फ्रान्सिसच्या परिवारातील चार शाखा एकत्र करून एक संघ केला; पण कापुचिन आणि कॉन्व्हेंच्युअल या शाखांना त्यांनी हात लावला नाही. त्या चार शाखा आधीपासून एकाच सर्वोच्च अधिकाऱ्याच्या छायेत नांदत होत्या. उरलेल्यांचे घर केव्हाच वेगळे वसले होते. जे जवळ आले होते त्यांना जोडले, जे वेगळेपणातच फळत होते त्यांना तसे राहू दिले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संन्यस्त जीवनाविषयी जे आज्ञापत्र काढले त्यातही हाच विवेक आहे. ज्या संस्थेला पुन्हा बहर येण्याची आशा उरली नाही तिने नवे उमेदवार घेऊ नयेत, आणि शक्य असल्यास जिचे ध्येय व वृत्ती आपल्याहून फारशी भिन्न नाही अशा अधिक जोमदार संस्थेत मिळून जावे, असा त्याचा आशय. म्हणजे केवळ दुसरीकडे पैसा अधिक आहे हे कारण पुरेसे नाही. वृत्ती जुळली पाहिजे. आणि १९८३ च्या धर्मसंहितेचा १२१ वा नियम सांगतो, की ख्रिस्तसभेच्या अशा दोन संस्था एक झाल्या तर नव्या संस्थेकडे मालमत्ता जाते तशी जुनी बंधनेही जातात, आणि संस्थापकांच्या व दात्यांच्या हेतूचा मान राखावाच लागतो. मालमत्ता घेऊन बंधने मागे टाकता येत नाहीत.

या साऱ्यावर छत्र धरणारे एक तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मांडले: लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये, मोठ्याने लहानाला साहाय्य करावे. ते राज्यसंस्थेविषयी बोलत होते. पण संस्था-संस्थांमध्येही ते तितकेच लागू पडते. याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. लहान समूह जे करू शकत नाही, ते ‘आमचेच’ म्हणून अडवून धरण्याचा हक्क त्यालाही नाही.

तेव्हा प्रिय वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी एखाद्या मंडळाच्या, पतपेढीच्या, शाळेच्या किंवा सेवासंस्थेच्या व्यवस्थापनात असाल, त्यांनी असा प्रसंग आला की स्वतःला प्रथम विचारावे: काम संपले आहे, की आपण थकलो आहोत? काम संपले असेल तर संस्थेचा शेवट हा पराभव नव्हे. ती कृतज्ञतेने प्रार्थना करून मिटवावी. आपण थकलो असू तर दोष कामाचा नाही. नवे हात शोधावे, आणि ते दुसऱ्या संस्थेत मिळत असतील तर तेथे. मग विचारावे, की जोडीदाराची वृत्ती आपण जवळून पाहिली आहे का? एक वर्ष संयुक्तपणे काम करून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. आम्ही त्या शिवणवर्गाच्या वेळी एक संध्याकाळ दिली होती. आणि शेवटी त्या बाईचा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर गोलमोल असून चालत नाही. कोणाचे दार, किती वाजता, आणि आत कोण असेल, हे कागदावर लिहून घ्यावे.

देशाच्या कायद्यातही या बाबतीत एक शहाणपण आहे. संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा. त्यानुसार एका संस्थेला दुसरीत मिसळायचे तर प्रस्ताव दहा दिवस आधी लेखी द्यावा लागतो, विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात. आणि तेवढ्याने भागत नाही. एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी तो ठराव पक्का करावा लागतो. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या एकत्रीकरणाचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे, तोही संबंधितांना सूचना देऊन. मधला तो एक महिना आम्हांला महत्त्वाचा वाटतो. टाळ्यांच्या भरात घेतलेला निर्णय घरी नेऊन, रात्री उशाशी ठेवून, पुन्हा पाहावा, यासाठी तो महिना आहे.

अल्लीपूरच्या संस्थेची पहिली सभा झाली. ठराव मंजूर झाला. वृद्ध संस्थापकांनी विरोधात मत दिले नाही, बाजूनेही दिले नाही. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही विलीनीकरणाच्या बाजूने बोललो. परिचारिका निवृत्तीला आली आहे, तिच्या मागे कोणी नाही, आणि मोठ्या संस्थेची वृत्ती आजवर तरी स्वच्छ दिसली आहे. मात्र ठरावाला दोन कलमे जोडावीत असे आम्ही सुचवले: मागच्या खोलीत परिचारिका राहील आणि रात्री दार उघडले जाईल, आणि वेचणीच्या दिवसांत बालवाडी अल्लीपुरातच चालेल. मोठ्या संस्थेने पहिले कलम मान्य केले आहे. दुसऱ्यावर विचार चालू आहे. ते मान्य झाले नाही तर दुसऱ्या सभेत ठराव पडला तरी चालेल, असे आम्ही सभासदांना सांगून आलो आहोत. हे सांगताना खजिनदारांचे शब्द आमच्या कानांत होते. कुलूप खरोखरच लागू शकते. तो धोका आम्ही पत्करायला सांगितला आहे, आणि तो बरोबर ठरेल की नाही हे आम्हांला आज ठाऊक नाही.

दुसरी सभा या महिन्याअखेर आहे. त्या मजूर बाईचा प्रश्न पहिल्या सभेच्या इतिवृत्तात तिच्याच शब्दांत लिहिला गेला आहे. या वेळी तिला निरोप पाठवला आहे, की दाराशी उभे न राहता आत सतरंजीवर येऊन बसावे. मत तिला याही वेळी नसेल. पण मत देणाऱ्यांना ती समोर बसलेली दिसेल.